पहिला नंबर कर्फ्यूचा की धोट्याचा?

बसा मंडळी, बसा! जरा सरकून घ्या, मागं बाया उभ्या आहेत. आज तुमच्यापुढं एक सवाल टाकतो. दुसरा आलेल्यानं गावं, का गप्प बसावं?

हसू नका! पहिल्याचं ठीक आहे. त्याला हार, त्याला शाल, पेपरात फोटो. पण दुसरा? सातवा? ज्याला कुणी नंबरच दिला नाही तो? त्याच्या गळ्यात जे दाटलंय, ते त्यानं कुणाच्या परवानगीनं बाहेर काढायचं?

तर ऐका. गोष्ट इचलकरंजीची, आमच्या गल्लीची. आधीच सांगून ठेवतो — या आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, वनवास नाही. या आख्यानात आहे हार्डकोर पंक! ...अध्यक्षसाहेब, भुवया खाली घ्या. पटलं नाही तर पुढल्या सप्ताहात दुसरा बुवा बोलवा. आज मात्र माझंच ऐकावं लागणार!

आता हार्डकोर पंक म्हणजे काय? मलाही ठाऊक नव्हतं. दोन गिटार, एक ड्रम, एक गळा. आलाप नाही, तान नाही, नमन नाही — थेट भांडण! मालकाशी, भोंग्याशी, घरच्यांशी, कधी स्वतःशीच. आणि गाणं केवढं? मिनिटभराचं! आमचं नुसतं पेटी जुळवणं त्याहून लांबतं.

आमच्या गल्लीत एक बंद पडलेला मागाचा कारखाना. तिथं सुट्टीच्या दिवशी ही पोरं जमायची. त्यांचा म्होरक्या सुदर्शन मगदूम. सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये कामाला, पण आपल्या भागातल्या एकूण एक पंक बँडची कुंडली त्याच्या डोक्यात! भिंतीवर खडूनं दहा बँडची यादी लिहिलेली. पहिला धोटा, दुसरा कर्फ्यू, तिसरा गंज... आणि त्या यादीवरनं भांडणं! काय सांगू!

"कर्फ्यू दुसरा? डोकं फिरलंय काय तुझं? त्यांच्यासारखा वेग कुणाचाय?"

"वेग घेऊन काय करतोस? पहिल्या रेकॉर्डिंगला होती ती आग आता राहिली नाही."

"आणि गंज? गंजला तिसऱ्यावरनं खाली टाकलास तर खडू मोडीन बघ!"

ओळखीचं वाटतंय का काही? अहो, तुम्ही पारावर दुसरं काय करता! हे बुवा भारी का ते बुवा? मागल्या सालचा आवाज राहिला नाही यांचा. ऐकतो मी सगळं! चप्पल घालेपर्यंत तरी दम काढत चला.

तर त्या पोरांनी ठरवलं — एकदाचा निकाल लावू. सगळे बँड एका जागी आणू, परीक्षक बसवू. जागा कुठली? मारुतीच्या देवळाचा हॉल. विश्वस्तांनी अट घातली, परीक्षक आमचा पाहिजे. आणि विश्वस्तांचा परीक्षक कोण? हा तुमच्यासमोर उभा आहे तो!

त्यांनी माझ्या हातात गुणपत्रिका दिली. कसली? भजन स्पर्धेची! तीच शिल्लक होती हो! सूर दहा, ताल दहा, पाठांतर दहा, वेशभूषा दहा, शिस्त दहा. मी म्हटलं, देवा मारुतीराया, आता तूच बघ.

पण मंडळी, यात एक जीव अडकला होता. धोटा बँडची गायिका गौतमी. मागावर जो आडवा पळतो तो धोटा, त्याचं नाव बँडला. आणि तिचे वडील बाळकृष्ण टेके, माझे जुने स्नेही. टेक्यांचं भजनी मंडळ नऊ वर्षं पहिलं आलं. नऊ! दहाव्या वर्षी दुसरं आलं. त्या दिवशी माणसानं पेटीला कुलूप घातलं. पाच वर्षं झाली, तोंडातनं एक ओळ नाही. आरतीलासुद्धा नुसती टाळी!

स्पर्धेच्या दिवशी दुपारी टेक्यांनी मला हॉलच्या दारात गाठलं. म्हणाले, "बुवा, पोरीला सांगितलंय. पहिली आलीस तर गा. नाही आलीस तर आजपासून बंद. लोकांनी हसावं म्हणून मी पोरगी वाढवली नाही."

मी म्हटलं, "अहो, पण—"

"बंद म्हणजे बंद."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? थांबा, मी काय केलं ते आधी ऐका, मग माझी लाज काढा.

सुरू झालं! कर्फ्यू उभे राहिले. स्टेजवर नाही, खाली, पोरांच्या मधोमध! आणि असा आवाज उठला की माझ्या हातातली वेळेची घंटा मलाच ऐकू येईना. नऊ मिनिटांत सात गाणी! पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या घेतायत. मी उठलो शिस्तीचा एक गुण कापायला, तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागला — बुवा आडवे! पण मंडळी, पाठ जमिनीला टेकायच्या आत चार हातांनी मला उचललं. एकानं उपरणं झटकून खांद्यावर ठेवलं. एकानं विचारलं, "लागलं काय ओ बुवा?" आणि पुन्हा उड्या! पडलेल्याला आधी उचलायचं, हा त्यांचा नियम. आपल्या बुंदीच्या रांगेत असं कधी झालंय? कापायला निघालेला तो गुण मी तसाच ठेवला.

मग धोटा. गौतमी एवढीशी पोर, पण आवाज? भिंतीला चीर जावी! अर्ध्यात माईक पुढं धरला आणि पन्नास पोरं गाण्याची ओळ एका दमात ओरडली. पाठांतर दहापैकी दहा! पण खरं सांगतो, त्या दिवशी तिचा घसा बसला होता. ड्रमवाला दोनदा चुकला. गाणी विस्कटली. मला पंक कळत नसेल, पण ताल कळतो हो!

बेरीज केली. कर्फ्यू एक्केचाळीस, धोटा अडतीस. समोर टेके बसलेले, हाताची घडी घालून. आणि या कीर्तनकारानं, तुम्हाला खरं बोलायला सांगणाऱ्या या माणसानं, धोट्याच्या शिस्तीच्या चारचे नऊ केले. त्रेचाळीस!

का? दया आली. पोरीचं गाणं वाचवतो म्हटलं. स्वतःला फार थोर समजलो मी त्या क्षणी.

उठलो आणि जाहीर केलं, "प्रथम क्रमांक — धोटा!"

टाळ्या? एक नाही. मागनं एक आवाज आला.

"खोटं!"

कोण? सुदर्शन! ज्याच्या भिंतीवर धोटा दोन वर्षं पहिला, ज्यानं धोट्यासाठी सख्ख्या मित्रांशी अबोला धरला, तो सुदर्शन! "बुवा, धोटा माझा जीव आहे. पण आज कर्फ्यू पहिले. असला निकाल माझ्या भिंतीवर चढणार नाही!"

मी गौतमीकडं बघितलं. मनात म्हटलं, पोरी, गप्प रहा, घे ती बक्षिसाची ढाल आणि जा घरी. ती पुढं आली. ढाल उचलली, कर्फ्यूच्या पोराच्या हातात दिली. म्हणाली, "खरं बोलतोय तो. आज हेच भारी वाजले. आम्ही दुसरे."

टेके उभे राहिले. "म्हणजे ठरलं. चल घरी."

"नाही आप्पा."

"काय ठरलं होतं आपलं?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी ऐकून घेतलं, हो म्हटलं नव्हतं." बसलेला घसा, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. "आप्पा, पहिली आले असते तरी तुम्ही गा म्हटलं म्हणून गायले नसते. आणि शेवटची आले असते तरी गप्प बसले नसते. तुम्ही दुसरे आलात आणि गायचं सोडलंत. मी लहान होते, दाराआड रडले होते. नंबरासाठी नाही ओ, घरातलं गाणं गेलं म्हणून! मी दुसरी आलेय, आणि मी गाणार. घरात घ्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

आणि ती वळली. ड्रमवाल्याला मान हलवली. एक, दोन, तीन, चार! चाळीस सेकंदांचं गाणं. घसा फाटलेला, सूर कुठल्या कुठं. माईक पुढं धरला तर सगळ्यात आधी कोण धावलं? कर्फ्यूची पोरं! हातात ढाल तशीच!

मी ती गुणपत्रिका चुरगाळून खिशात घातली. त्या पोरीला माझ्या पाच गुणांची गरज नव्हती. तिला कुबडी देऊन मी तिला लंगडी ठरवत होतो, आणि त्याला दया म्हणत होतो. भर सभेत मी तिची माफी मागितली. सुदर्शनचीही मागितली.

आणि टेके? तुम्हाला वाटतंय ते धावले, लेकीला जवळ घेतलं, पेटीचं कुलूप काढलं? नाही मंडळी. त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. आजही घरात दोघांचं बोलणं जेवलीस का, जेवलो, एवढंच. ती दर सुट्टीला कारखान्यात जाते आणि गाते. भिंतीवरची यादी बदलली, धोटा चौथ्यावर गेला. गौतमीनंच खडू दिला लिहायला.

आता तुमच्याकडं येतो. माना खाली घालू नका! तुमच्यातले किती जण गात होते आणि थांबले? शाळेत मास्तर म्हणाले, तू मागं उभी रहा, नुसते ओठ हलव. सासरी कुणी हसलं. एकदा नंबर हुकला. आणि तेवढ्यावर आख्खा जन्म गप्प? कोण होता तो परीक्षक? त्याचं नाव तरी आठवतंय का तुम्हाला? आणि ज्यांना स्वतःचं असं काही आठवत नाही, त्यांनी हे आठवून बघा — घरातल्या कुणाला तुम्ही असं मागं उभं केलंत?

देवानं गळा दिला तेव्हा सोबत गुणपत्रिका दिली नव्हती!

पेटीवाले, हात थांबवा. मृदंग, थांबा. टाळकऱ्यांनो, तुम्हीही. तुम्ही चांगलं गाता, तुम्ही आज ऐका. आता मी नाम घेणार, आणि ते फक्त त्यांनी म्हणायचं ज्यांना कधीतरी कुणीतरी गप्प बसवलं. बेसूर चालेल. फाटका चालेल. लाजत म्हटलेलं मात्र चालणार नाही!

म्हणा — विठ्ठल!

...हे काय? एवढंच? त्या खांबाजवळच्या आजी, तुमचे ओठ हलले, मी बघितलं. आवाज कुठाय? आम्ही सगळे थांबलोय. तुम्ही एकट्या म्हणा.