अंगठीतला दुसरा जोड

तुटकी साखळी घेऊन चांदीच्या कारागिराकडे थांबलेल्या बाईंचे कान पुढच्या आजींकडेच लागले होते.

“जुन्या अंगठ्या जमवणारा एकजण माझी ही अंगठी मागतोय. साच्यात ओतलेली की हातानं घडवलेली, ते विचारतो.”

“हातची, आजी. पट्टी वळवून जोडलीय. पण जोड दोन आहेत. मधे तुकडा घालून कुणीतरी वाढवलीय.”

“छे! सासूबाईंनी लग्नात घातली तीच चपखल बसली. म्हणाल्या, बघ, तू याच घरची.”

“मग त्याआधीच वाढवून घेतली असणार.”

“अगं बाई! मला बघायला आल्या, तेव्हा माझा हात सोडतच नव्हत्या.”

“मग, द्यायची त्याला?”

“द्यायची कसली? आणखी वाढवा. होणाऱ्या नातसुनेची बोटं जाड आहेत. माप उद्या सांगते. आज जाऊन तिचा हात धरून बसते.”