सगुणा न्हाई म्हनंल तवर

माझं नाव मार्था, पन गावात समदे मोठी काकूच म्हनत्यात. माहेर पाथर्डीकडचं, दिलं शेवगावच्या बाजूला. माहेरची आमची मानसं संशयी, म्हंजे वाईट न्हाई हो, तिकडं ढगबी फसवत्यात तर मानसांचं काय घेऊन बसलात. आई म्हनायची, कुनी घरी आलं की त्याच्या चपला बघ, दाराकडं तोंड करून काढल्या आसल्या तर त्याला जायची घाई हाय आसं समज. तुमी आलात तवा तुमच्याबी बघितल्या मी, हसू नका.

तर आमचे हे गेल्यावर मी अन् धाकली जाऊ सगुणा, दोघींनी मुरघासाचा धंदा काढला. हिरवा मका कापायचा, मशीनवर कुट्टी करायची, पिशवीत दाबून दाबून भरायची, हवा आत जाऊ द्यायची न्हाई. म्हैना-दीड म्हैन्यानं जनावराला घालायचा. आसपासच्या गोठेवाल्यांनाच इकतो आमी. सगुणाचा लेक सुभाष मालाचा टेम्पो चालवतो.

आता सगुणाचं काय सांगू तुम्हाला. मशीन घेऊ म्हनलं की न्हाई. शेड वाढवू म्हनलं की न्हाई. चहात आलं घालू का, तर न्हाई, पित्त व्हतं. आधी लई डोकं फिरायचं माझं. मग एकेक बघत गेले, तिच्या न्हाईला मला उत्तर सापडलं तर काम नीट व्हायचं, न्हाई सापडलं तर थांबलेलंच बरं आसायचं. तवापास्नं आमची रीतच पडली, सगुणा न्हाई म्हनंल तवर मोठं काही ठरवायचं न्हाई.

यंदाचं तर काहीच कळंना. दुधाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक, पाऊस व्हईल का न्हाई ते देवाला ठावं. आशात मोठ्या डेअरीचा एक सायेब आला, गाडीतनं. त्यानं तर बूटच काढले न्हाईत. म्हनला काकू, तुमचा समदा माल आमी घेतो, वर्षभर एकच भाव, डोक्याला ताप न्हाई, फकस्त बाहेर कुनाला इकायचा न्हाई. मी म्हनलं इचारून सांगते. कुनाला? म्हनलं जावंला. तो हसला.

सगुणाला सांगितलं तर म्हनती, चांगलं हाय की आक्का, घे.

माझ्या हातातलं ताट खाली ठिवलं मी. म्हनलं काय म्हनलीस? घे म्हनलं. अगं बरं वाटत न्हाई का तुला? तर म्हनती, न्हाई म्हनलं तरी बोलतीस, व्हय म्हनलं तरी बोलतीस. अन् गेली.

मला झोप न्हाई. त्या सायेबाचा संशय व्हताच, आता घरातलाबी आला. रविवारी उपासनेहून येताना तिच्या परसातनं आले, तर दोरीवर हिरवं जाकीट वाळत व्हतं, पाठीवर त्या डेअरीचं चित्र. म्हंजे बघा, सौदा व्हायच्या आधी जाकीट धुवायला झालं!

म्हनलं सगुणे, हे कुनाचं? ती भांडी घाशीत व्हती, वर बघंना. मग एकदम म्हनली, सुभाषला सुपरवायझर करतो म्हनलाय तो. मग काय करू? माझ्या लेकानं जलमभर तुझा टेम्पोच हाकायचा का?

खोटं न्हवतं ते. मी तिथंच दगडावर बसले. म्हनलं, सुभाषचं आपन बघू, माझा शब्द. ते जाकीट घडीभर बाजूला ठिव अन् सांग, सौदा घेऊ का?

तिनं हातातलं भांडं पालथं घातलं. मग म्हनली, न्हाई. उद्या त्यानं गाडी पाठवायची बंद केली तर आपन कुनाकडं जायचं? गोठेवाले तवर दुसरीकडं लागलेले. अन् चारा आटला तर आपल्याच गावच्या गाया उपाशी, अन् माल आपल्या दारातनं त्यांच्यापुढनं जानार. कुठल्या तोंडानं हिंडायचं?

ह्याला माझ्याकडं उत्तर न्हवतं.

सायेबाला म्हनलं, निम्मा देते. तो म्हनला समदा न्हाईतर काहीच न्हाई. गेला. पलीकडच्या गावात एकानं घेतलाय त्याचा सौदा, गाड्या जात्यात अजून तरी. आमचं चुकलं का बरोबर, ते मला आजबी सांगता यायचं न्हाई, अन् जो छातीवर हात मारून सांगतो त्याच्यावर इस्वास ठिवू नका तुमी.

सुभाषला धंद्यात भागी घेतला, आमा दोघींच्या बरोबरीनं. पन मनात किडा वळवळतच व्हता, आता लेक मालक झाला, आई न्हाई म्हनंल का? तर परवाच जेवताना सुभाष म्हनला, काकू, आनखी एक मशीन घेऊ. मी म्हनलं बघू बाबा. तर सगुणा भाकरी थापता थापता, मान बी न वळवता, न्हाई.

तो चिडला, आई, तू कुनाकडनं हाईस? ती म्हनली, भाकर खा.

त्या दिशी मला शांत झोप लागली बघा. प्रभूनं तिला लई आयुष्य द्यावं, अन् तिचं तोंड हे आसंच ठिवावं. चहा घेता ना? आलं न्हाई घातलेलं.