चावी बालीत, वापसा चुडाव्यात

(चुडावा. बी-बियाण्याचं दुकान. काउंटरवर वजनकाट्याला टेकवलेला मोबाईल, व्हिडिओ कॉल चालू. पडद्यावर बालीतला धबधबा आणि त्याखाली उघड्या अंगानं भिजलेला दुकानदार शिवकांत. दुकानात त्याची बायको अनुपमा.)

अनुपमा : आधी मागच्या गोडाऊनची चावी कुठं आहे ते सांगा. पाणी नंतर दाखवा.

शिवकांत : अगं बघ तरी! केवढ्या उंचावरून पडायलंय. आपल्या येलदरी धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले तरी असं दिसणार न्हाई. आवाज यायलाय का?

अनुपमा : आवाज इथं पण यायलाय. सकाळपासून माणसं ओट्यावर बसून ओरडायलेत. चावी.

शिवकांत : देवळीत असंल.

अनुपमा : देवळी बघितली. गल्ला बघितला. तुमच्या आईंच्या पानाच्या डब्यातसुद्धा हात घातला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

शिवकांत : मग नसंल. अन् तुला करायचंय काय गोडाऊन उघडून? रिकामं हाय ते. उंदीर अन् बारदाना. एक मिनिट, गाईड फोटो काढायलाय. यस, यस, वन मोर!

अनुपमा : ग्रुपची बाकी माणसं कुठं आहेत? एकटेच दिसताय.

शिवकांत : ग्रुप गेला बसमधून बाजाराला. मी दिवसाची खाजगी गाडी केली. आपला ड्रायव्हर, आपला गाईड. दोन धबधबे अन् मधे ती पायऱ्यांची भातशेती. त्या बसमधे डोकं उठलं होतं. हिंगोलीचा डीलर, नांदेडचा डीलर, ज्याच्या त्याच्या कानाला फोन अन् एकच रडगाणं, उगवलं न्हाई, उगवलं न्हाई. कंपनीनं इनाम म्हणून फिरायला आणलंय का दहाव्याला?

अनुपमा : नाहीच उगवलं. तुम्ही गेल्यावर मी ओल्या गोणपाटात त्याच सोयाबीनचे शंभर दाणे बांधून ठेवले होते. निम्मे पण वर आले नाहीत. उरलेले कुजलेत. हाताला चिकट लागायलेत.

शिवकांत : हे उद्योग तुला कोणी सांगितले?

अनुपमा : विद्यापीठानं. परभणीला तेच शिकले मी. त्याच डिग्रीवर हे लायसन मिळालं, भिंतीवर फोटो माझा आहे. उद्या तालुक्याची कमिटी पंचनाम्याला येणार, सही पण माझीच मागणार. कंपनीनं ट्रिप पण लायसनच्या नावावर दिली होती. माझ्या पासपोर्टचा फॉर्म तेवढा कपाटात राहिला.

शिवकांत : झालं सुरू! पुढल्या वर्षी तुला नेतो म्हणलं ना?

कडूबाई : वैनी, आप्पाचा फोन हाय व्हय? सरका जरा. राम राम आप्पा! मी कडूबाई, टेशनाकडच्या रानातली. अगं माय, उघडेच हायेत की हे! वैनी, ह्यायला सर्दी व्हईल.

शिवकांत : वळखलं मावशी. बोला. जरा लवकर बोला, हिथं थांबू देत न्हाईत जास्त.

कडूबाई : आमाला बी थांबता येत न्हाई. तुमी दिलेलं सोयाबीन मातीत निजलंय. पार झोपलंय. आज वापसा हाय. ना चिखल ना ढेकूळ, तिफन अशी सरळ जाईल की लोण्यातून. उद्या पानी आलं की गेलं समदं. मला आज पेरायचंय. बी बदलून द्या.

शिवकांत : माल संपला हो. कंपनीकडून आला की पहिलं पोतं तुमचं. अन् खरं सांगू का, रागावू नका, तुमी खोल पेरलं असंल. सोयाबीन नाजूक असतंय.

कडूबाई : माझी सासू मेली तवापासून मीच तिफनीवर मूठ धरायलेय. औंदाच हात खोल गेला व्हय? अन् दिनकररावाचं ट्रॅक्टर? ते बी खोल गेलं? समदा चुडावाच खोल गेला?

शिवकांत : तसं न्हाई म्हणलो मी.

कडूबाई : अन् माल संपला तर दत्ता हमालानं ट्रक कशाचा उतरवला? पाठीला बाम चोळत फिरायलाय अजून.

अनुपमा : कुठं उतरवला?

कडूबाई : तुमच्याच गोडाऊनात. तुमी उदगीरला माहेरच्या लग्नाला गेल्ता ना, तवा.

अनुपमा : अहो?

शिवकांत : खताचा असंल तो.

कडूबाई : आप्पा, दत्ता हमाल हाय. खताचं पोतं कोणतं अन् बियाचं कोणतं हे त्याच्या पाठीला कळतंय, तुमी कशाला सांगताव?

अनुपमा : म्हणून चावी सापडत नाही.

शिवकांत : चावीचा अन् त्याचा काय संबंध? खामखा एकात एक घालायलीस. राहिली असंल कुठं तरी, विसरलो.

कडूबाई : फोन हिकडं करा वैनी, मला चष्म्याबिगर लांबचं चांगलं दिसतंय. आप्पा, जरा सरळ उभं ऱ्हावा. हां. तुमच्या छातीवर, लिंगाच्या डबीच्या बाजूला, ते काय लोंबायलंय?

शिवकांत : कुठं काय?

अनुपमा : हात काढा तिथला. पितळी आहे. लांब दांड्याची. गोडाऊनचीच चावी आहे ती.

शिवकांत : आं? अरे हो की! हिथं हाय व्हय! निघायच्या घाईत दोऱ्यात अडकवली अन् विसरूनच गेलो. देवाशप्पथ.

अनुपमा : देवाला मधे आणू नका, तो तुमच्या गळ्यातच आहे. तिथं पूजा करता ना रोज?

शिवकांत : मग! आंघोळ झाली की पहिली लिंगपूजा. पूजेशिवाय चहाचा घोट घेतला न्हाई कधी. हॉटेलवाल्यांनी दारावर दहादा ठोकलं तरी.

अनुपमा : म्हणजे रोज सकाळी डबी उघडता, लिंग डाव्या तळहातावर घेता, भस्म लावता, बेलपान नाही तर नाही पण डोळे लावून बसता. आणि त्याच दोऱ्याला ही एवढी चावी. रोज मनगटावर येऊन पडत असेल. आणि विसरलात.

शिवकांत : हॅलो? हॅलो? रेंज जायलीय. खोलात हाय मी हिथं.

कडूबाई : आमचं बी खोल अन् तुमी बी खोलात!

अनुपमा : कट केला.

कडूबाई : वैनी, एक विचारू? खरं सांगा. तुमाला म्हाईत नव्हतं?

अनुपमा : नव्हतं.

कडूबाई : ओट्यावरच्या बाया म्हनायल्यात, दोघं बी मिळून हायेत. नवरा फिरायला गेला अन् बायको तोंड द्यायला ठेवली.

अनुपमा : दुसरं खरंच आहे की.

कडूबाई : मी बी तसंच म्हनत होते. आता तोंडावर कशाला खोटं बोलू?

अनुपमा : बसा. पाणी घ्या.

कडूबाई : बसून काय करू? बैलं जुपून आलेय, पोरगा बांधावर उभा हाय. ते बघा, फोन वाजायलाय पुन्हा. चैन न्हाई त्याला बी.

अनुपमा : बोला.

शिवकांत : ती मावशी गेली का?

अनुपमा : तुम्ही बोला.

शिवकांत : गाडीतून उतरलोय, भातशेतीजवळ. नीट ऐक. तो माल आबासाहेबाचा हाय, आपल्या तालुक्याच्या पुढाऱ्याचा. त्यांनी शब्द टाकला, ठेव म्हणले. आता सगळ्यांना दुबार पेरणी करावी लागणार, बाजारात बी न्हाई, मग ते आपल्या माणसाकडून गंगाखेडकडं काढणार, ज्या भावाला जाईल त्या भावाला. आपला काही संबंध न्हाई. आपण नुसतं कुलूप.

अनुपमा : तुम्हाला माहीत होतं, आपण विकलेलं उगवणार नाही?

शिवकांत : माहीत म्हणजे, कंपनीचा माणूस जाता जाता बोलला होता, लॉट जरा जुना हाय म्हणून. जरा!

अनुपमा : आणि तुम्ही विकला.

शिवकांत : सगळ्यांनीच विकला. टार्गेट होतं. त्याशिवाय हे बाली का फुकट दाखवायलेत? अन् आबासाहेबाला न्हाई म्हणून तालुक्यात दुकान चालतं का? तू शिकलेली बाई हायस, तुला कळायला पाहिजे.

अनुपमा : उद्या कमिटीनं गोडाऊन उघडा म्हटलं तर?

शिवकांत : म्हणून तर चावी आणली ना! चावी न्हाई, मालक परदेशात, काय करतेत? तू आजच्या गाडीनं उदगीरला जा. आई आजारी हाय म्हण. सही करूच नको. चार दिवसांत आबासाहेबाची माणसं माल हलवतेत, मंग कमिटीला चहा पाजू.

अनुपमा : आणि भिंतीवरचा फोटो? तो पण उदगीरला नेऊ?

शिवकांत : चिडू नको गं. तकलीफ मला का कमी हाय? रात्री झोप न्हाई, दिवसा जीव लागत न्हाई. त्या धबधब्याखाली गेलो, डोक्यावर एवढं पाणी पडायलं तरी डोकं तापलेलं ते तापलेलंच. थांब, तुला भातशेती दाखवतो. डोळे निवतेत. हे बघ, डोंगर कापून पायऱ्या केल्यात, वरपासून खालपर्यंत हिरवं.

कडूबाई : दाखवा की.

शिवकांत : मावशी? तुमी तिथंच हाव व्हय?

कडूबाई : हाय. ऐकलं समदं. फोन हलवू नका, बघू द्या. अगं माय! वरच्या वाफ्यातून पानी खालच्यात उतरायलंय, खालच्यातून त्याच्या खाली. किती जणांचं हो हे रान?

शिवकांत : गाईड म्हणतोय, लय जणांचं. एकेकाला दोन-दोन पायऱ्या.

कडूबाई : मंग वरच्यानं पानी अडवलं तर?

शिवकांत : हे आता कशाला, मावशी?

कडूबाई : विचारा तर.

शिवकांत : थांबा. ... म्हणतोय, अडवत न्हाई. गाव देवळात बसून ठरवतंय कोणाला कधी सोडायचं ते.

कडूबाई : अन् वरचा लय मोठा मानूस असला तर? आबासाहेबासारखा?

शिवकांत : हे इंग्रजीत कसं विचारू?

कडूबाई : आमाला बी विकताना लय इंग्रजी बोलला होताव. विचारा.

शिवकांत : ... हसायलाय तो.

कडूबाई : हसायला काय झालं त्याला?

शिवकांत : त्याला वाटायलंय मी चेष्टा करायलोय.

अनुपमा : मावशी, दत्ता ओट्यावर आहे का?

कडूबाई : हाय. बिडी ओढायलाय.

अनुपमा : त्याला म्हणावं घरून पहार घेऊन ये. दिनकररावांच्या गड्याला पण बोलवा. कडी जुनी आहे, निघेल.

शिवकांत : अनुपमा! डोकं फिरलं का तुझं? कुलूप माझं हाय ते!

अनुपमा : लायसन माझं आहे.

शिवकांत : आबासाहेब दुकान उठवंल. रस्त्यावर आणंल आपल्याला.

अनुपमा : आणू दे. ज्यांचं उगवलं नाही त्यांना आज पोतं बदलून मिळणार. रिकामी पिशवी, जुनी पावती दाखवायची, नवी पावती घ्यायची. आणि उद्या कमिटी येईल तेव्हा गोडाऊन उघडं असेल. गोणपाटातले कुजलेले दाणे पण टेबलावर ठेवते. जुना लॉट माहीत असून विकला, हे पण लिहून देते.

शिवकांत : अगं, लायसन जाईल!

अनुपमा : जाऊ दे. माझंच आहे ते. माझ्या हातानं जाऊ दे, तुमच्या गळ्यात लटकून नको.

शिवकांत : मी तिकीट बदलतो. उद्या येतो. उद्यापर्यंत थांब फक्त. एवढं ऐक माझं.

कडूबाई : उद्या वापसा थांबत न्हाई, आप्पा.

शिवकांत : मावशी, तुमी मधे पडू नका! ही आमच्या घरातली गोष्ट हाय.

कडूबाई : घरातली कशी? रान माझं हाय. ए दत्ता! ऊठ रं! वैनी बोलवायल्यात, पहार आन!

अनुपमा : गाईड वाट बघत असेल तुमची. दुसरा धबधबा राहिलाय ना? जाऊन या.

शिवकांत : अनुपमा, फोन खाली ठेवू नको. अनुपमा? मला नुसते छताचे पत्रे दिसायलेत. कोण हाय तिथं? तो आवाज कसला? अगं, कोणी बोलाल का?

कडूबाई : निघाली कडी! अरे बापा, हे तर पार छतापर्यंत लावलंय. आमी उन्हात बसलोय अन् हे हिथं सावलीत!

अनुपमा : एकेक जण या. ढकलू नका. मावशी, तुमची जुनी पावती?

कडूबाई : ही घ्या, पदरालाच होती. वैनी, एक सांगा. हे तरी उगवंल का?

अनुपमा : माहीत नाही, मावशी. दाणे लावून बघायला चार दिवस लागतात. चार दिवस नाहीत आपल्याकडं. मी उगवेल म्हणून लिहून देणार नाही.

कडूबाई : बरं. मंग दाट पेरते.