आवडलेलं नाही

१९८३ साली सिडकोच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक मास्तर, त्यांची बायको आणि घरांचे एजंट इसाकभाई उभे होते.

"इसाकभाई, किंमत कमी करा. घर आम्हाला फारसं आवडलेलं नाही. हो ना गं लता?"

"नाहीच आवडलं. खिडकीतून लेण्यांचा डोंगर मात्र काय सुंदर दिसतो!"

"लता!"

"आणि नळ आपला एकट्याचा. पहाटे बादल्यांची रांग नाही."

"अगं, गप्प राहायचं ठरलं होतं ना?"

"बोलू द्या वहिनींना. मास्तर, दोन हजार मी मालकाकडून कमी करून घेतो. इतकं कच्चं खोटं बोलणारी गिऱ्हाइकं मला कधी भेटली नव्हती."

बस आली. "चढताय ना?" मी विचारलं.

"नाही, तुम्ही व्हा पुढे," लताबाई म्हणाल्या. "आम्ही जरा आमच्या घरी जाऊन येतो."