न मोजलेलं शून्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सांडपाणी केंद्राच्या संगणक कक्षातले माझे सहकारी, पंपघरातून कामाच्या कपड्यांतच आलेले मित्र आणि माझ्या आग्रहाखातर येऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेल्या वहिनी,

निवृत्त होणाऱ्याने गोड बोलावं अशी अपेक्षा असते. पण आधीच्या वक्त्यांनी गोडवा इतका सढळ हाताने वाटलाय, की माझ्या वाट्याला फारसा उरलेला नाही. तेव्हा मी जरा गणित बोलतो. घाबरू नका, चहा गार होऊ देणार नाही.

आमच्या कक्षात टेबलं तीन. एकावर अर्थशास्त्राच्या ताई, दुसऱ्यावर आमचे प्रोग्रॅमर, ज्यांना आपण सगळे 'यंत्रोबा' म्हणतो, आणि तिसऱ्यावर मी, गणितवाला. डबे उघडले की वाद ठरलेला: मूल्य म्हणजे नेमकं काय? ताई म्हणायच्या, "एखादी वस्तू मिळवायला तुम्ही काय सोडायला तयार आहात, ते तिचं मूल्य." मी म्हणायचो, समीकरणातला क्ष शोधल्यावर हाती लागतं ते. यंत्रोबा चमचा पुसत म्हणायचे, "मेमरीच्या कप्प्यात ठेवलंय ते. आणि कप्पा रिकामा ठेवलात तर माझा प्रोग्रॅम रुसतो." आम्ही पोट धरून हसायचो. आता तो विषय कोणी काढत नाही.

पंपघराच्या खोल विहिरीत विषारी वायू मोजणारा एक मीटर आहे. दुसरा बसवावा असा प्रस्ताव आला, तेव्हा ताईंनी विचारलं, एक असताना दुसऱ्याने भर कितीशी पडणार? नगण्य. बरोबरच होतं ते, पहिला चालू असेपर्यंत. पण दुसरा बसलाच नाही, आणि पहिला अधूनमधून मुका व्हायचा. आकडा आला नाही की सरासरी अडायची, म्हणून यंत्रोबांनी रिकाम्या कप्प्यात आपोआप शून्य भरायची सोय केली. मी हरकत घेतली. म्हटलं, अहो, शून्य हेसुद्धा मोजून आलेलं मूल्य असतं. मोजलंच नाही त्याला शून्य कसं म्हणता? तर म्हणाले, "सर, आलेख मध्येच तुटलेला वरच्यांना आवडत नाही. तुमचं सगळं फळ्यावरचं."

गणितात बिंदूला लांबी-रुंदी नसते, पण जागा असते. त्या सकाळी पंपघराच्या पडद्यावर शून्याच्या रेषेवर जो हिरवा बिंदू उमटला, त्याला जागासुद्धा नव्हती. मीटर बंद होता. कोणी काही मोजलंच नव्हतं. तो बिंदू बघून आपले फिटरदादा विहिरीत उतरले, आणि त्यांना दोराने ओढून वर काढावं लागलं. तोवर सगळं संपलं होतं.

ताई किंवा यंत्रोबा वाईट माणसं नाहीत. आपापल्या विषयात आम्ही तिघंही चोख होतो. आणि माणूस गेला. याची मला लाज वाटते. पण चौकशीच्या अहवालात काय लिहिलंय? 'आकडा न पाहता उतरले. मृताचा निष्काळजीपणा.' मी समितीत होतो. त्यावर मी सही केलेली नाही. माझ्या जागी येणारे सदस्य उद्या ती करतील, असं ऐकतो. संताप येतो मला.

पंपचालक समोरच बसलेत. ते समितीलाही सांगत होते, कोणी लिहून घेतलं नाही. दादांनी पडद्यासमोर उभं राहून चष्मा लावला, नीट पाहिलं, आणि म्हणाले, "शून्य आहे रे. उतरतो. जेवायच्या आत आटपेल."

परवा वहिनी आमच्या घरी आल्या होत्या. भरपाईचं एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझ्या बायकोला एवढंच विचारलं, "ते खरंच न बघता उतरले का हो? गॅस बंद केलाय ना, हे तीनतीनदा बघणारा माणूस." हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही वहिनी, पाहिलं होतं त्यांनी. त्या म्हणाल्या, "तुम्ही आमचे आहात, तुम्ही असंच म्हणणार. ऑफिस तसं म्हणत नाही ना."

असो. आपण दिलेलं घड्याळ, पुष्पगुच्छ आणि इतक्या वर्षांचा लोभ, सगळ्याचा ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल, तर म्हातारा समजून पदरात घ्या.

यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. अध्यक्ष महोदय, वहिनी तेवढ्यासाठीच थांबल्यात. त्यांच्या नवऱ्याने पाहिलं होतं, हे त्यांना तुम्ही सांगा. मी खाली बसतो.