घर बंद न्हाई

न्हाई वं साहेब, मीटर बिघडलेला न्हाई. त्यो बारका लाल दिवा लुकलुकतोय न्हवं? — मग. बघा की नीट. तुमचं काय ते मशीन लावा, वायरी बघा, पार खांबापतुर जाऊन बघा कुठं आकडा टाकलाय का — आकडं टाकनाऱ्यातली मानसं न्हवं आमी. मालक माजं सुबेदार हुते, सुबेदार लालासाहेब, मीटर अजून त्येंच्याच नावावर हाय. ते गेलं, पर मी नाव बदललं न्हाई, असू दे म्हनलं. — काय म्हनला? घर बंद हाय असं दिसतंय हापिसात? कुनी सांगितलं? — युनिट यवढं कमी पडतंय म्हनून? आवं, मी हाय की हितं! चालती-बोलती तुमच्याम्होरं हुबी हाय. घर बंद कसं आसंल?

बसा त्या खुर्चीवर. फलटणपास्नं गाडीवर आलाय, ऊन बी लय हाय. पानी घ्या — माठातलं हाय, गार हाय. फ्रीज बंद हाय आमचा. न्हाई, बिघडला न्हाई. मीच बंद केलाय. हां — तुमाला हेच पायजे न्हवं, यवढं युनिट कमी कसं? मग सांगते की. घाई हाय व्हय? कुनाकडं जायचंय अजून? वस्तीवर तर आता माजंच घर. पलीकडं जाऊबाईंचं, ती नातवंडांपाशी गेली साताऱ्याला. आनि त्येच्याम्होरं निस्ता ऊस, वड्यापतुर. मळा आमी वाट्यानं दिलाय, वाटेकरी येतोय सकाळी मोटर चालू करायला, ती मोटर येगळ्या मीटरवर हाय, त्यो न्हाई ह्यो. मग बसा. नाव काय म्हनला? — कृष्णात. कुठलं? — शिराळ्याचं! लांबनं आलाय वं नोकरीला. घरी आई हाय का? — हाय. बरं झालं.

तर त्येचं आसं झालं. नात हाय माजी, संयोगिता, पुन्यात आसती, लेकाची पोरगी. तिला साळंत काम दिलं हुतं — कसलं म्हनली ती — शाश्वत जीवनशैली. मी म्हनलं शाश्वत म्हंजी काय गं? तर म्हनली, आजी, कायम टिकनारं. मला हसूच आलं. म्हनलं, बाई, कायम टिकनारं काय आसतंय? तर फोनमधनं माज्यावर डाफरली — हसू नकोस, लिहायचंय मला. तिला एक घर पायजे हुतं, जिथं मानसं आपल्या सवई बदलत्यात आनि त्येनं पानी, लाईट, कचरा किती वाचतोय ते बघायचं. त्येंच्या फ्लॅटात कुनाला सवड हाय? ती म्हनली, आजी, तू होशील का माजं घर? — आसंच म्हनली, बरं का. तू होशील का माजं घर. मी काय न्हाई म्हननार हुते?

मग दर ऐतवारी फोन. त्यो तोंड दिसनारा. मी हितं पायरीवर बसायची, फोन त्या तुळशीच्या कट्ट्याला टेकवून. पोरगी लय हुशार बगा. म्हनायची, सगळं एकदम करायचं न्हाई, आजी, दमशील आनि सोडशील. एका येळी एकच सवय. आनि ती बी जुन्या सवईच्या शेपटीला बांधायची, म्हंजी इसरत न्हाई. कसं? — आता बगा, मी सांजच्याला देवापुढं दिवा लावते, ते काय माजं चुकत न्हाई. तर म्हनली, दिवा लावला की लगीच घरभर फिरायचं आनि भिंतीवरची समदी बटनं बंद करायची. टीव्हीचं, चार्जरचं, मिक्सरचं. निस्तं रिमोटनं बंद केलं तरी आत लाईट खातंय म्हनं ते. खातंय का वं? — खातंय न्हवं! बगा, पोरगी खोटं सांगत न्हाई. आता दिवा लावल्यावर माजं पाय आपोआप भिंतीकडं जात्यात.

मग अंघूळ. लेकानं गिझर बसवून दिलाय — चांगला हाय, नवा हाय. पर मी पत्र्याचा डबा काळा रंगवला आनि ठेवला माळवदावर. दुपारच्याला पानी आसं तापतंय की हात भाजंल. मग दुपारचीच अंघूळ करते, मला कुठं हापिसात जायचंय? त्येच पानी धुन्याला आनि मग केळीला. आमचं मालक आसते तर लय खूश झालं आसतं. लडाखला एका मगात दाढी, तोंड, समदं उरकायचे म्हनं, आनि हितं कुनी नळ सुरू ठेवला की पार कवायतीच्या आवाजात वरडायचे. तवा आमाला राग यायचा. — भात? भात एक उकळी आली की उतरवायचा आनि पातेलं गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचं. तासाभरानं काढा, शीत न् शीत मोकळं. कचरा तर हायच कुठं? साली खड्ड्यात, खड्डा केळीच्या बुडाशी. पिशवी माजी ही, ह्येंच्या जुन्या पँटीची शिवलेली. हसताय? लय टिकती. फौजेचं कापड हाय.

दर ऐतवारी मी सांगायची, ती लिवायची, फोटू काढायला लावायची. आजी, डबा दाखव. आजी, खड्डा दाखव — आत न्हाई, वरनं दाखव, शी! आसं हसायचो आमी. ऐतवार कवा येतोय आसं व्हायचं बगा. मी आठवडाभर सवय नीट पाळायची, का, तर ऐतवारी सांगायला पायजे.

मग — मग काय? झालं साळंतलं. पयला नंबर आला तिचा. लेकानं फोटू पाठवला, हातात ढाल घिऊन हुबी हाय. मी वस्तीवर पेढं वाटलं आसतं, पर वाटू कुनाला? वाटेकऱ्याला दिलं, आनि राहिलेलं मीच खाल्लं. त्येच्यानंतर तिचा गॅदरिंगचा नाच सुरू झाला, मग परीक्षा, मग क्लास. पोरांचं आसंच आसतंय, ती काय माज्यावर रागवून बसलीया व्हय? लय कामं आसत्यात त्येंना. मधी एकदा फोन आला तर मी म्हनलं, संयू, मी नवी सवय लावलीया, ऐक की — तर म्हनली, आजी, ते प्रोजेक्ट संपलं की गं आता. आता कशाला करतेस?

मी म्हनलं, आसंच.

पर सोडलं न्हाई मी. उलट वाढवलं. एक अंगवळनी पडली की दुसरी, तिनं शिकवलं तसंच. पंखा न्हाई लावायचा, सोप्याची दोन्ही दारं उघडायची. कपडं मशीनला न्हाई लावायचं. सांजंला सोप्यातला एकच बल्ब. मग टीव्ही सोडला — त्यो सोडायला काय वाटलं न्हाई, त्यात समदी भांडत्यातच. फ्रीजला मातुर लय दिस जीव झाला न्हाई. खान्यापिन्यापायी न्हाई वं, मला पावशेर दूध लागतंय, त्येला फ्रीज कशाला? आवाजापायी. त्यो कसा, घुर्र करून चालू व्हायचा, मधीच थरथरून गप व्हायचा, जरा येळानं परत. पलीकडल्या खोलीत कुनीतरी झोपल्यावानी वाटायचं. बंद केला त्या दिवशी घर आसं गप झालं, साहेब, की मी पानी प्याले तर माजा घोट मला ऐकू आला.

मग बंद का केला? — बरं इचारलं.

आता तुमी लेकावानी हाय म्हनून सांगते, कुठं बोलू नका. बिल हितं येत न्हाई. शंभूराजच्या फोनवर जातंय, माज्या लेकाच्या. आपोआप भरलं जातंय, त्येनं तसंच करून ठेवलंय, मला तरास नको म्हनून. काळजी हाय त्येला, न्हाई आसं न्हाई. तर त्या बिलात चित्तर आसतंय — तुमाला ठावं आसंलच, खांब खांब आसत्यात, ह्या म्हैन्याला किती, गेल्या म्हैन्याला किती. संयूनंच दाखवलं हुतं मला. आजी, बघ तुझे खांब कसे बुटके होत चाललेत! बाबा पण बघतात, म्हनली. तवा माज्या डोक्यात आलं. बाबा बी बघत्यात. म्हंजी मी हितं एक बटन बंद केलं की तिकडं पुन्यात माज्या लेकाच्या हातात खांब बुटका होतोय. मग बुटका बुटका होत पार भुईला टेकला, तर त्यो इचारंल न्हवं? म्हनंल, आई, अंधारात बसतीस का काय तू? बरी हाईस न्हवं? म्हनंल, येऊन बघतो. — मी लावते की फोन, न्हाई कसं. आई, मीटिंगमधी हाय, मग करतो, म्हनतोय. करतो बी कवा कवा. पर मी लावलेला फोन येगळा आनि त्येनं आपनहून इचारलेलं येगळं. हाय का न्हाई?

म्हनून फ्रीज बंद केला. आनि वाट बघत बसले. दिवाळी गेली. संक्रांत गेली. आनि आज फाटक वाजलं तर — तुमी. पर काय का आसंना, साहेब, इचारायला कुनीतरी आलं. त्येला आजून खांब दिसला नसंल. कामाच्या रगाड्यात कोन बघतंय वं येवढं बारीक? दिसला आसता तर —

काय म्हनला?

हापिसातनं आदी त्येला फोन केल्ता? कवा? — दिवाळीच्या आदी? तुमीच केल्ता? त्यो नंबर हाय व्हय तुमच्यात. हां, हायच की, त्योच दिलाय. मग उचलला त्येनं? — उचलला. — काय म्हनाला? न्हाई न्हाई, सांगा की. हाय तसं सांगा.

'रीडिंग बरोबर हाय. आई येकटीच आसती तिथं, तिला लागतंय किती.'

आसं म्हनाला.

आनि? — आनि काय न्हाई.

म्हंजी त्येला ठावं हुतं. दिवाळीच्या आदीपास्नं.

— बरोबरच हाय की. खोटं काय बोलला? येकटीला लागतंय किती? तुमचं मशीन बी तेच सांगतंय, मी बी तेच सांगते. न्हाई वं, मला काय झालं न्हाई. डोळ्याला ऊन लागतंय ह्या टायमाला. तुमी कशाला वाईट वाटून घेताय, तुमी तुमचं काम केलं. फोन? आता कुनाला लावताय? त्येला? — न्हाई! ठेवा त्यो. ठेवा म्हनते न्हवं. काय सांगनार हाय तुमी त्येला?

उठा आता. मीटर चांगला हाय, लिवा तसं. तुमाला म्होरं जायचं आसंल, मीच बसवून घेतलं उगं. जावा. फाटक तेवढं वडून घ्या, कुत्री येत्यात आत.

जावा म्हनलं न्हवं.