कोरी यादी

हसू नका, पण माझं अडलेलं गाडं लेकीच्या गप्प बसण्यामुळे पुढे सरकलं. पुण्याची नोकरी सोडून मी कोकणात जामसंड्याला सासरी आले होते, आणि प्रोग्रॅमिंग आपल्याला अजून जमतं का, अशी रोज शंका यायची. म्हणून प्रोग्रॅम लिहायच्या, फुकट मिळणाऱ्या आणि कुणीही सुधारणा सुचवू शकेल अशा एका टेक्स्ट एडिटरच्या चुका दाखवणाऱ्या यादीत बारीकशी दुरुस्ती केली, त्या यादीच्या माहितीपानात दोन ओळी घातल्या आणि पाठवून दिलं. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसली की ती यादी नुसती कोरी दिसायची. तिथे 'चूक सापडली नाही' असं यावं, एवढंच माझं म्हणणं.

एडिटर सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थांचा मेल आला, "यादी कोरी म्हणजे चूक नाही, हे उघड आहे. वेगळं सांगायची काय गरज?"

झालं, संपलं, असं वाटलं. तरी लिहिलं, "माझी मुलगी दीड वर्षाची आहे. ती रडत असते तेव्हा मी निवांत असते. गप्प झाली की धावत जाऊन बघते."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मला जुळी आहेत. दुरुस्ती घेतली."

मी किंचाळलेच. नातीलाच काही झालं असं वाटून सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"काय झाला गो? चेडवाक लागला?"

मला आनंदाने बोलताच येईना.

"गप कित्याक? बोल मगे!"

"काय नाय ओ आई, सगळा बरा आसा."

"मगे तसा आधी सांगूक नको? जीव उडालो माझो!"